तुरटपणाचं माप

झाडं माणसांशी बोलायची तेव्हाची गोष्ट. कार्तिकात आवळीखाली पंगत बसली होती. जेवण होताच बनूमावशींनी गोळ्यांची बाटली काढली. वर आवळ्याचं चित्र. चित्र काढायला काय जातंय म्हणा.

"एका गोळीत वीस आवळे," मावशी ऐटीत म्हणाल्या. "रोज सहा घेते. म्हातारपण फिरकत नाही."

आवळी मुळापासून हादरली. "अहो, एकशेवीस आवळे? माझ्या फांदीवरचे इतके कुणी खाल्ले, तर तुम्हीच त्याला वेड्यात काढाल."

"गोळी कुठे तुरट लागते?"

"तुरट लागतं म्हणून तर माणूस दोनावर थांबतो, बाई."

मावशींची गोळी हातातच राहिली. "महिनाभर पोट दुखतंय गं," त्या पुटपुटल्या. "म्हणून तर चाराच्या सहा केल्या."