शिदूची बंदूक आणि इमाम शिकलगार

आपल्या पणज्यांनीसुद्धा जी दुसऱ्याच्याच तोंडून ऐकली, अशी ही फार जुनी गोष्ट. मुलखावर तेव्हा राजेसाहेबांचं राज्य होतं आणि वरखडवाडीतल्या घराघरांतला एकेक गडी त्यांच्या पलटणीत होता.

त्या वाडीत इमाम शिकलगार राहायचा. विळ्याकोयत्यांना धार लावायची, तलवारींचा गंज काढायचा, हा त्याचा पिढीजात धंदा. त्यानं धार लावलेल्या पात्यावर वारासुद्धा चिरत जायचा, असं म्हणतात.

त्याच वाडीत तानूबाई कणसे होती. तिचा एकुलता एक लेक शिदू दर्यापारच्या लढाईत पडला. त्याचा देह काही आला नाही, बंदूक तेवढी आली. राजेसाहेबांनी ती मानानं गावाला दिली. तानूबाईनं ती मांडीवर घेतली, दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत एकदा हात फिरवला आणि भैरोबाच्या देवळात ठेवायला दिली. दर खंडेनवमीला गाव तिची पूजा करायचं.

पुढं गावच्या इनामदाराला रानडुकराच्या शिकारीचा नाद लागला. त्यानं बंदूक देवळातून उचलली. ती अंगावर जड पडते म्हणून पुढचं लाकूड करवतीनं कापलं. संगीन अडकवायची कडी काढून फेकली. दस्त्यावर चांदीची फुलं ठोकली. नाद सरला तशी बंदूक गंजली, खटका अडकला, आणि ती गोठ्यात जाऊन पडली. कुणाची बोलायची छाती झाली नाही.

तानूबाई त्याच गोठ्यात शेण काढायला जायची. एक दिवस पेंढ्याखाली तिच्या हाताला ती लागली. तिनं पदरात गुंडाळली आणि थेट इमामच्या दारात आणून ठेवली.

"इमाम, माझं पोरगं अर्धं कापून टाकलंय रं."

इमामनं बंदूक उलटीपालटी करून पाहिली. "मावशी, गंज काढीन. खटका चालू करीन. पण कापलेलं लाकूड परत वाढत नाही."

"मग तू वाढव," म्हातारी म्हणाली. "राजाकडून आली तश्शी मला दे. मला दुसरं काय मागायचं नाही."

इमामनं धार लावायची सहाण बाजूला सारली. आधी त्यानं चांदीची फुलं उपटली आणि इनामदाराच्या दारात ठेवून आला. मग लाकूड शोधायला निघाला. बंदुकीचं लाकूड होतं अक्रोडाचं, थंड मुलखातलं. आपल्याकडचा साग, शिसव, बाभूळ, काहीच त्याला जुळेना. शेवटी घाट ओलांडून तो राजेसाहेबांच्या शस्त्रागारावर गेला. तिथला म्हातारा जमादार खेकसला, "बंदूक मोडकी, तिच्यासाठी एवढी पायपीट?"

"बंदुकीसाठी नाही, जमादारसाहेब. आईसाठी."

जमादारानं बंदूक हातात घेऊन तिच्यावरची पलटणीची खूण पाहिली. मग आत गेला आणि त्याच पलटणीतल्या एका फुटक्या बंदुकीचं पुढचं लाकूड नि कडी घेऊन आला. इमामनं ते लाकूड कापल्या जागी टेकवलं, तर एका लाकडाच्या रेषा दुसऱ्यात सरळ वाहत गेल्या, असं म्हणतात. सांधा असा बसला की मुंगीलासुद्धा तो पायाखाली कळला नसता.

मग त्यानं लाकडाला जवसाचं तेल चोळायला घेतलं. फडक्यानं नाही, तळहातानं. एक पावसाळा गेला, थंडी गेली. चोळून चोळून त्याच्या तळव्यावरच्या रेषा पुसून गेल्या. त्या वर्षी वाडीत आलेल्या जोशानं त्याचा हात पाहिला आणि म्हणाला, "बाबा, तुझ्या हातावर काही लिहिलेलंच नाही."

"दुसरीकडं लिहिलंय," इमाम म्हणाला.

काम झालं तशी त्यानं बंदूक नेऊन तानूबाईच्या मांडीवर ठेवली. तोवर तिचे डोळे गेले होते. तिनं दस्त्यापासून हात फिरवायला सुरुवात केली. कापलेली जागा आली, गेली. हात कुठं अडला नाही. नळीच्या तोंडाशी पोचल्यावर ती एवढंच म्हणाली, "आला."

बंदूक पुन्हा भैरोबाच्या देवळात आल्याची बातमी इनामदारापर्यंत गेली. "माझी बंदूक," म्हणत तो देवळात आला. एका हातानं उचलायला गेला, उचलेना. दोन्ही हात घातले, गडी लावले. एका उभ्या जवानाचं वजन तिच्यात आलं होतं, असं म्हणतात. तेव्हा आंधळी तानूबाई चाचपडत पुढं आली, तिनं तान्हं पोर घ्यावं तशी ती कडेवर घेतली आणि देवाच्या पायाशी नेऊन ठेवली. इनामदारानं डोक्यावरचं पागोटं उतरवलं आणि तो खाली मानेनं घरी गेला.

आता राजेसाहेब नाहीत, इनाम नाही. सरकारनं हत्यारं जमा केली तेव्हा ती बंदूकही गेली. कुठल्याशा कपाटात असेल, गंजलेली म्हणा, झळकत म्हणा. इमाम वाडीच्या वेशीवर चिंचेखाली निजला आहे.

पण वरखडवाडीत अजून एक रीत आहे. खंडेनवमीला तिथं कुणी स्वतःच्या हत्याराला धार लावत नाही. शेजाऱ्याचं हत्यार घ्यायचं, त्याची मूठ बसवायची, गंज काढायचा, जवसाचं तेल तळहातानं चोळायचं आणि नीट करून त्याच्या दारात ठेवायचं. पहिला विळा घ्यायचा तो ज्या घरात करणारं कुणी उरलं नाही, त्या घरातला. आतून म्हातारी विचारते, "कुणी केलं रं?"

करणारा आपलं नाव सांगत नाही. म्हणतो, "इमामनं."