त्रिशलाच्या गाडीचा गिअर

"दुरुस्त केलेलं पुन्हा होतं तसं बिघडवता येतं का, उस्ताद?"

दस्तगीर मुजावर दर्ग्याच्या पायरीवर बसून उदाच्या भांड्यातली राख काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कोण, भूपाल?"

"होय."

"बस."

भूपाल मगदूम बसला नाही.

मिरजेच्या रस्त्यावर एका चिंचेखाली उस्तादांची शेड होती. पंचक्रोशीतले निम्मे मेकॅनिक तिथं हात काळे करून मोठे झाले. हात थरथरायला लागले तेव्हा उस्तादांनी पाने-हातोडे खाली ठेवले आणि या टेकडीवर, दर्ग्याच्या मागच्या खोलीत राहायला आले. त्यांच्या हाताखालचा सगळ्यांत चांगला मेकॅनिक भूपाल. हे त्यालाही ठाऊक होतं. माझ्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही, असं तो म्हणायचा. ते खरंही होतं.

"काय बिघडवायचंय?"

"गिअर."

खाली लिंबाच्या सावलीत निळी गाडी उभी होती. उस्तादांनी ती ओळखली. भूपालच्या बायकोची, त्रिशलाची. ती आरोग्य केंद्रात सिस्टर होती. लसींचा डबा मागच्या सीटवर ठेवून याच गाडीतून गावं फिरायची. दिवाळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

"दुसरा गिअर अडायचा," भूपाल म्हणाला. "किती वेळा म्हटलं, एक दिवस ठेव गाडी, काढून देतो. तर म्हणायची, राहू दे. माझं आणि त्याचं जमतंय."

"मग?"

"ती गेल्यावर खोलली. दुसरं काय होतं माझ्या हातात…"

उस्तादांनी भांडं बाजूला ठेवलं.

"काय निघालं?"

"लिव्हरखालचा रॉड किंचित वाकला होता. त्याचं रबरी बुश फाटलेलं. ग्रीस वाळून माती झालेलं. सगळं नवं घातलं."

"आता?"

"आता नुसत्या बोटानं पडतो."

उस्तादांनी हाताची राख झटकली.

"बोटानं पडतो, उस्ताद. आणि मला ती गाडी ओळखू येत नाही."

दर्ग्याच्या अंगणात एक बाई लेकराला पाणी पाजत होती. ती लेकराला कडेवर घेऊन उठून गेली.

"मी करून बघितलं," भूपाल म्हणाला. "बोल्ट आवळला. नवा रॉड वाकवला. कडक झाला. पण तो कडकपणा वेगळा. मी इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून ऐकलंय. आधी नुसता अडायचा. मग कुरकुरायचा. मग आत गेल्यावर एक आवाज यायचा… तो येत नाही."

"जुना रॉड?"

"भंगारात गेला. विचारून आलो. वितळवला असणार."

"हं."

"तुम्ही हात लावलात तर येईल."

"मी तुला बिघडवायला शिकवलं होतं का?"

"नाही."

"मग मला कुठलं येतंय?"

भूपालची मान खाली गेली. एवढ्या लांबून तो हे ऐकायला आला नव्हता. आपल्याला न सुटणारं काही असेल तर ते या माणसाला सुटतं, एवढा एकच भरवसा त्यानं आजवर दुसऱ्या कोणावर टाकला होता.

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चहापत्ती संपलीय. खाली गावात नेतोस?"

"उस्ताद, मी काय विचारतोय…"

"ऐकलं की. जाता जाता बोलू."

पण गाडीत बसल्यावर ते काच खाली करून बाहेर बघत राहिले. टेकडीचा उतार संपला, ओढ्यावरचा पूल गेला. पुढं गावाकडं जाणारा चढ लागला. निम्म्या चढावर इंजिन धापा टाकायला लागलं.

भूपालनं क्लच दाबला. तिसऱ्यातून दुसरा टाकला. गिअर अलगद पडला. काही आवाज झाला नाही.

"भूपाल."

"अं?"

"बोटानं पडतो म्हणालास."

"पडतोच. बघितलंत की."

"मग खांदा कशाला टाकलास?"

"कुठं टाकला?"

"आत्ता. डावा खांदा टाकून पुढं झुकलास. आणि तोंडानं काहीतरी म्हणालास."

"मी काही म्हणालो नाही."

"म्हणालास."

भूपालनं त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यानं जरा वेग घेतला, तिसरा टाकला आणि स्वतःकडं लक्ष ठेवून परत दुसऱ्यावर आला. नुसतं मनगट हललं. खांदा होता तिथंच राहिला.

"आता नाही झालं काही," तो म्हणाला.

"आता बघायला गेलास."

गाडी चढत होती. भूपाल रस्त्याकडं बघत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरून रस्ता दिसत असेल असं वाटत नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं गाडी कडेला घ्यायची म्हणून वेग कमी केला. कडेला घ्यायचं मात्र राहून गेलं. चढाच्या मधोमध, अर्ध्या रस्त्यात, गाडी बंद पडून उभी राहिली.

"ती बुटकी होती," तो म्हणाला.

उस्तादांनी मान हलवली.

"हात पुरायचा नाही तिचा. म्हणून दुसरा टाकताना अशी… अख्खी झुकायची. मी हसायचो. ती म्हणायची, हसू नका, तो ऐकतो. आणि गिअरला म्हणायची…"

त्याचा अंगठा लिव्हरच्या मुठीवर फिरत राहिला.



"ये राजा, ये," भूपाल म्हणाला. "असं म्हणायची."

"तेच म्हणालास."

"मी?"

"तूच."

लिव्हरवरचा हात त्यानं काढला नव्हता. तो हात तो बघत राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. घरात तिच्या साड्या होत्या, चष्मा होता, तिनं भरलेली लोणच्याची बरणी होती. सगळ्यांना त्यानं हात लावून पाहिला होता. कशातच ती नव्हती. मग गाडी होती, तीही स्वतःच्या हातानं धुऊन पुसून लख्ख करून टाकली, असं त्याला इतके दिवस वाटत आलं होतं.

"मला कळलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "कधीपासून करतोय कुणाला माहीत…"

"शेडमध्ये होतास तेव्हा नव्हतास करत."

"नाही."

"मी तुझा हात पाच-सहा वर्षं बघितलाय. तेव्हा नव्हतं हे."

भूपालनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. एवढा मोठा माणूस, खांदे हलत होते.

मागं उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला. दोन ट्रॉल्या भरून. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला. जरा थांबून पुन्हा दिला. मग दाबूनच धरला.

भूपाल सावरला. बाहीनं तोंड पुसलं, घाईघाईनं किल्लीकडं हात नेला.

उस्तादांनी तो हात धरला आणि परत लिव्हरवर ठेवला. दुसरा हात खिडकीबाहेर काढून त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला वाट दाखवली.

"जाऊ दे त्याला पुढं," ते म्हणाले. "आपण तिघं सावकाश जाऊ."