साळुंकीचा तिसरा बोल

एका राज्यात, मंडळी, एक रांजण होता आणि तो कधी रिकामाच होत नसे. हात घालावा, मूठभर मोहरा बाहेर! पण त्यावर मांत्रिकाचा शाप होता. जितक्या मोहरा निघत, तितकी बाजारात महागाई वाढे. आणि राजा पृथुमल्लाला मोहरांचा भारी सोस. शेवटी वेळ अशी आली, की शेरभर ज्वारीला टोपलीभर मोहरा! मोहरा हाती पडताच लोक बाजाराकडे धूम ठोकीत. उद्या भाव चढणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

रांजणाची किल्ली होती खजिनदारीण चंपावळीकडे. दर आठवड्याच्या बाजारी खजिन्याचा मनसुबा एका बोलक्या साळुंकीने वेशीवरून सांगावा, अशी तिथली रीत. तिलाही शाप होताच: तीनदा बोल खोटा ठरला, की ती दगड होणार. आधीच्या खजिनदाराने तिच्याकडून दोनदा "रांजण बंद राहणार" असं वदवलं आणि दोन्ही वेळा राजापुढे मान तुकवून तो उघडला. बिचारीचे दोन्ही पाय दगडाचे झाले. चंपावळीने तिला पिल्लू असल्यापासून भरवलेलं. ते पाय पाहून तिचं काळीज तुटे.

"बाईसाहेब," साळुंकी म्हणाली, "रांजण सलग तीन बाजार बंद राहिला तर दोन्ही शाप सुटतील. पण गुपचूप बंद केलात तर व्यापारी बिथरतील, धान्य दडवतील. आधी सांगायला हवं."

"आणि बोल खोटा पडला तर?"

"तर मी गेले. सांगू?"

चंपावळीने तिच्या दगडी पायांवरून हात फिरवला. "सांग," ती म्हणाली.

पहिल्या बाजारी साळुंकीने "रांजण तीन बाजार बंद" असं पुकारलं, तसे धान्याचे व्यापारी धनाप्पाशेट पोट धरून हसले. "हे गाणं दोनदा ऐकलंय आम्ही!" म्हणत त्यांनी भाव उलट चढवला. दुसऱ्या बाजारी गिऱ्हाईक रोडावलं, विणकरांचे माग थंडावले. लोकांनी चंपावळीला शिव्याशाप दिले. तिने निमूट ऐकले, घरी जाऊन रडली, पण किल्ली काही कमरेची सोडली नाही. शेटजी मात्र आता हसत नव्हते.

तिसऱ्या बाजारी खुद्द महाराज आले, मागे राजकन्येची पालखी. "उद्या राजकन्येचं लग्न. किल्ली दे."

"घ्या, महाराज. पण आधी या साळुंकीकडे बघा."

राजाने किल्लीला बोट लावलं मात्र, साळुंकीच्या पंखांवर दगड चढू लागला. तेवढ्यात पालखीतून राजकन्या म्हणाली, "बाबा, मला गूळ-खोबऱ्याचं लग्न चालेल. हे पाप नको."

राजाने हात मागे घेतला. "असू दे, चंपावळी. तुझ्यापाशीच ठेव."

सूर्य मावळला, तिसरा बाजार उठला आणि साळुंकीचा दगड पापुद्र्यासारखा गळून पडला. रांजणही सुधारला: पेवांत धान्य असेल, तितक्याच मोहरा देऊ लागला. ज्वारी ताळ्यावर आली, माग पुन्हा खडखडू लागले.

पुढच्या बाजारी साळुंकी वेशीवर बसली आणि तिने नुसता घसा खाकरला. धनाप्पाशेटनी झटकन भाव उतरवला.

"अहो शेटजी, मी अजून बोललेच नाही!"

"नका बोलू, बाई. कळलं आम्हाला," शेटजी म्हणाले, आणि चंपावळी कितीतरी दिवसांनी पोटभर हसली.