सोन्याची लाल हंडी

चंदनपूर नगरीत सोमाजी नावाचा एक काचारी, काचेच्या वस्तू घडवणारा कारागीर, राहत होता. राजमाता वारल्या, तेव्हा राजाने त्यांची सोन्याची पाटली सोमाजीच्या हाती दिली. म्हणाला, "आईच्या समाधीवर तिची आठवण राहील असं हिचं काही कर."

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी काच माणकासारखी लाल होते, असे सोमाजीने ऐकले होते. त्याने पाटली सोने विरघळवणाऱ्या तीव्र तेजाबात विरघळवली, ते पाणी वाळूत मिसळले आणि दिव्यासाठी हंडी घडवली. पण हंडी निघाली पाण्यासारखी बिनरंगाची!

सोमाजीचा मेहुणा कानाशी लागला, "आतून लाखेचा रंग फिरवा. कोण बघतंय?"

"आईच्या नावाला खोटा रंग कसा लावू?" सोमाजी म्हणाला. तो ती हंडी घेऊन तसाच दरबारात गेला आणि घडले ते सांगितले.

राजा संतापला. त्याने सोमाजीच्या भट्टीला टाळे ठोकले. "सोनं तूच लाटलंस! पौर्णिमेपर्यंत ते दाखव, नाहीतर नगरी सोड!"

सोने काचेतच आहे, मंद आचेवर ते रंग दाखवील, असे सोमाजीचे मन सांगत होते. पण चोर ठरलेल्याला आच कोण देणार? साऱ्यांनी दारे लावून घेतली. शेवटी तो येसाई कुंभारणीकडे गेला.

"ठेव माझ्या आव्यात, मडक्यांच्या मधे," येसाई म्हणाली.

"राजाची भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण चोर आपल्या पायांनी दरबारात जात नाही रे बाबा."

त्या मंद आचेत काचेतले विखुरलेले सोने इवल्या इवल्या कणांत गोळा झाले. कण डोळ्यांना दिसत नव्हते. पण ते उजेडातला हिरवा अंश गिळत आणि तांबडा पुढे सोडत. येसाईने मडकी भाजायचा तो आवा उघडला, तर हंडी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल!

लाल हंडी पाहून राजाने सोमाजीची क्षमा मागितली आणि हवे ते माग म्हणाला.

"महाराज, सारे पाठ फिरवून बसले तेव्हा येसाईने मला आच दिली. समाधीवरचा पहिला दिवा तिच्या हातून लागू द्या."

मातीने माखलेल्या हातांनी येसाईने वात लावली. समाधीवर लाल उजेड पसरला. राजाने हात जोडले. सोमाजीने मात्र आधी येसाईच्या पायांवर डोके ठेवले.

तात्पर्य: आपले खरेपण जगाला दिसत नसताना जो आपल्यावर विश्वास ठेवतो, त्याचे उपकार यशाच्या दिवशी सर्वांत आधी आठवावेत.