इस्त्रीला केलेला नमस्कार

एकदा एक तांब्या होता. हसू नका मंडळी, दृष्टांतात राजाच असावा असा काही नियम नाही. हा तांब्या पितळेचा, सपाट बुडाचा, आणि राहायचा एका वृद्ध गुरुजींच्या घरी. गुरुजींनी हयातभर इंग्रजी शिकवलेलं. सगुणा नावाची त्यांची एक शिष्या अजूनही त्यांच्याकडे शिकायला येई.

सगुणाला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी जिल्ह्याच्या गावी, इस्पितळात तोंडी परीक्षा द्यावी लागे आणि तीत इंग्रजी शब्दांचं व्याकरण विचारत. गेल्या वर्षी ती नेमकी तिथेच आपटली. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार, म्हणजे ही शेवटचीच संधी. भाऊ तर उघड उघड म्हणायचा, "तू माझी बहीण ना? मग घरात राहा, पोळ्या लाट. ही नर्सबिर्सची थेरं कशाला?"

आता तिची चूक ऐका. ही चूक मराठी माणसानेच करावी! इंग्रजी शब्दाचं मनातल्या मनात मराठी करायचं आणि शेवटी 'णे' आलं की बिनधास्त क्रियापद म्हणायचं. 'ईट' म्हणजे खाणे, क्रियापद. 'राइट' म्हणजे लिहिणे, क्रियापद. आणि 'साँग' म्हणजे गाणे, तेही क्रियापद! परीक्षक बाई खो खो हसल्या होत्या. त्या हसण्याचा सगुणाने असा धसका घेतला, की यंदा तिने सगळे शब्दच घोकून टाकले. अमुक नाम, तमुक क्रियापद, संपला विषय.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र ती रडवेली होऊन आली. "गुरुजी, 'आयर्न' मी नाम म्हणून पाठ केलं आणि पुस्तकात ते क्रियापद निघालं. आता भरवसा ठेवू तरी कशावर?"

"आधी पाणी पी," गुरुजी म्हणाले. तांब्यातलं पाणी त्यांनी तिला दिलं, उरलेलं तुळशीला घातलं. मग तांब्या कोरडा केला, त्यात चुलीतले रसरशीत निखारे भरले आणि गळ्याशी फडक्याने धरून ते चक्क आपल्या उपरण्याला इस्त्री करायला बसले. "उद्या तुझ्यासोबत यायचंय. चुरगळलेलं कसं चालेल?"

सगुणा मनातून भयंकर चिडली. इथे जीव टांगणीला लागलाय आणि यांना उपरण्याची पडलीय!

सकाळी निघण्यापूर्वी ती गुरुजींकडे आली, तर देव्हाऱ्यापुढे तोच तांब्या. चिंचेने लख्ख घासलेला, पाण्याने भरलेला, त्यात आंब्याची पानं आणि वर नारळ. तिने सवयीने हात जोडले.

"काय गं," गुरुजींनी विचारलं, "इस्त्रीला नमस्कार?"

"इस्त्री कसली? कलश आहे तो!"

"अगं, काल ह्यानेच तर उपरणं..."

"कालची गोष्ट काल. आज त्याच्यावर नारळ आहे, गुरुजी."

गुरुजी मिश्किल हसले. "बघ, हे तुला कुणी शिकवावं लागलं का? पाणी प्यायलीस तेव्हा ते भांडं, निखारे भरले तेव्हा इस्त्री, नारळ ठेवला तेव्हा देव. तांब्या तोच. त्या घटकेला तो काय करतो आहे, हे पाहून तू त्याला ओळखलंस. शब्दाचंही तसंच असतं, पोरी. वाक्याबाहेरचा शब्द म्हणजे फडताळातला रिकामा तांब्या. कुणी जन्मभर एकच काम करतो, कुणी तीन-तीन कामं करतो. तो कोण, हे घोकू नकोस. इथे तो काय करतोय, ते पाहा."

"अगंबाई! एवढंच?" सगुणा म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

परीक्षेला नेमक्या त्याच बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आयर्न. नाम, क्रियापद की विशेषण?"

"बाई, वाक्य द्या."

"शब्द दिलाय ना?"

"नुसत्या शब्दावरून नाही सांगता यायचं. वाक्य द्या, चुटकीसरशी सांगते."

बाईंच्या भुवया वर गेल्या. "आयर्न इज हेवी."

"लोखंड जड असतं. नाम."

"आयर्न द शीट्स."

"चादरींना इस्त्री करा. क्रियापद."

"ॲन आयर्न बेड."

"खाट कसली? तर लोखंडी. विशेषण!"

"आणि साँग?" बाईंनी खट्याळपणे विचारलं. त्यांना ती आठवत होती तर!

"ए साँग म्हटलंत तर नाम, बाई. मराठीत कितीही 'णे' लागो!"

बाई पुन्हा खो खो हसल्या, पण या वेळी सगुणाही त्यांच्याबरोबर हसली. "शाबास! घेतलं तुला," त्या म्हणाल्या. सगुणा बाहेर धावली. कडक इस्त्रीचं उपरणं घेतलेले गुरुजी व्हरांड्यात उभे होते. "जिंकले, गुरुजी!" म्हणत तिने त्यांचे पाय धरले. आनंदाने तिला रडू आवरेना.

इतक्यात शिपाई अदबीने म्हणाला, "सिस्टर, उद्या सकाळी ह्याच दाराने आत यायचं हं."

सगुणाने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"अगं, तुलाच म्हणतोय तो," गुरुजी म्हणाले. "सिस्टर म्हणजे बहीणच. शब्द तोच, वाक्य बदललं."