प्रालेयमुनींचा वैशाख

कृतयुग ओसरत आले होते आणि त्रेतायुगाची चाहूल लागली होती, त्या संधिकाळातली ही हकीकत. हिमालयाच्या उत्तर उतारावर, जेथे देवदारांची राई संपते आणि शुभ्र हिमशिलांचे राज्य सुरू होते, तेथे दीर्घव्रत नावाच्या महर्षींचा आश्रम होता. त्या आश्रमात प्रालेय नावाचे एक तपस्वी राहत; कृतयुगाच्या मानाने ते तरुणच होते. प्रालेय म्हणजे हिम. हे नाव त्यांना बारशाला मिळालेले नव्हते, स्वभावामुळे मिळाले होते. इतर शिष्य वल्कलांवर वल्कले पांघरून अग्नीभोवती दाटीवाटीने बसत, तेव्हा हे महाशय गोठू लागलेल्या सरोवरात गळ्यापर्यंत उभे राहून मंत्र म्हणत. दाढीत हिमकण अडकलेले, नेत्र अर्धोन्मीलित, मुखावर मंद हास्य, अशा स्थितीत त्यांनी साठ वर्षे काढली आणि त्यांच्या उग्र तपाची कीर्ती तिन्ही लोकांत पसरली.

एके दिवशी दीर्घव्रतांनी त्यांना जवळ बोलावले.

"वत्सा, विदर्भात पयोष्णी नदीच्या तीरावर माझे गुरुबंधू शमीव्रत राहत असत. त्यांनी एक यज्ञाग्नी आयुष्यभर अखंड तेवत ठेवला. आता त्यांनी देह ठेवला असून त्यांची कन्या नलदा एकटी तो अग्नी सांभाळते आहे. आणखी बारा वर्षे तो तेवत राहिला की त्या यज्ञाची सांगता होईल. मध्येच विझला तर शमीव्रतांच्या साऱ्या आयुष्याचे पुण्य वाया जाईल. तू तेथे जा. नलदेची संमती असेल तर तिचे पाणिग्रहण कर, आणि अग्नी विझू देऊ नकोस. बारा वर्षांनी तिला घेऊन येथे परत ये."

ज्या नदीच्या नावातच उष्णता आहे, तिच्या तीरी राहायला जाताना मनुष्याने थोडा विचार करावा; पण गुरूची आज्ञा शिरसावंद्य मानणाऱ्या प्रालेयांना तो सुचला नाही. ते दंड-कमंडलू घेऊन निघाले आणि मार्गशीर्षात पयोष्णीच्या तीरी पोहोचले. त्या वेळी तेथील हवा प्रसन्न होती. पहाटे नदीवर धुके तरंगत होते, शेतांतून हरभरा डोलत होता, आणि आश्रमाच्या अंगणात समिधा फोडत बसलेल्या नलदेने वर पाहून त्यांचे स्वागत केले. ती सावळी, उंच आणि मोजके बोलणारी होती. तिने त्यांना पाय धुवायला पाणी दिले, गुरूंचा निरोप शांतपणे ऐकून घेतला आणि मग विचारले, "आपल्याला समिधा फोडता येतात का?" प्रालेय म्हणाले, "येतात." त्या उत्तराने तिचे समाधान झाले असावे, कारण त्याच महिन्यात त्यांचा विवाह झाला.

पौष-माघ सुखात गेले. फाल्गुनात पळस पेटले, तेव्हा प्रालेयमुनींनी त्यांच्या शोभेवर दोन श्लोकही रचले. चैत्रात मात्र त्यांचे श्लोक थांबले. आणि मग वैशाख आला.

तो वैशाख कसा होता म्हणून सांगावे! सूर्यनारायण उगवल्या क्षणापासून भाल्यासारखे किरण फेकू लागत. पयोष्णीचा विशाल प्रवाह आकसून वाळूतून वाट काढणारी एक कृश रेघ उरली होती. हरिणे झाडांच्या बुंध्यांना पाठ लावून धापा टाकत, शिळा पायाला चटके देत, आणि पश्चिमेकडून येणारा वारा भट्टीच्या तोंडातून आल्याप्रमाणे अंगावर येई. अशा भर दुपारी यज्ञकुंडाजवळ बसून आहुती देणे, हे प्रालेयमुनींच्या वाट्याला आलेले कर्तव्य होते. त्यांचे अंग घामोळ्यांनी भरून गेले. मंत्रांतली अक्षरे गळू लागली. दिवसातून सात वेळा ते नदीत जाऊन बसत, पण ते पाणीही कोमटच असे.

नलदा म्हणे, "स्वामी, पहाटे लवकर उठून कामे आटोपून घ्या. दुपारी आहुतीपुरते बसा आणि मग सावलीत पडून राहा. ताकातली आंबील घ्या, कैरीचे पन्हे घ्या. आमच्याकडे सगळे असेच करतात."

मुनी उत्तर देत, "नलदे, तुम्ही या देशाची माणसे. तुम्हाला ऊन लागत नाही. मी हिमालयाचा आहे. मला आंबिलीने काय होणार?"

असे बारा-पंधरा दिवस गेल्यावर त्यांचा संयम सुटला. मध्यान्हीच्या वेळी ते नदीच्या पात्रात जाऊन उभे राहिले, ओंजळीत पाणी घेतले आणि आकाशाकडे मुख करून गर्जले, "हे सहस्ररश्मी, साठ वर्षांच्या तपाच्या बळावर मी तुला शाप देतो की वैशाख आणि ज्येष्ठ हे दोन मास या देशात तुझे किरण निस्तेज होतील."

एवढे बोलून त्यांनी पाणी सोडायला हात पुढे केला, तो ओंजळ कोरडी. पाणी केव्हाच वाळून गेले होते. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा शाप उच्चारला. पुन्हा तेच झाले. तिसऱ्यांदा ते वाकले, तेव्हा शेजारच्या खडकावर कुणीतरी बसलेले त्यांना दिसले. त्या पुरुषाची कांती उगवतीच्या आभाळासारखी तांबूस होती आणि त्याला मांड्यांखाली पाय नव्हते. सूर्याच्या रथाचा सारथी अरुण तो हाच, हे मुनींनी ओळखले.

अरुण म्हणाला, "मुनिवर, आपला शाप लागू होत नाही हे सांगण्यासाठी माझ्या स्वामींनी मला पाठवले आहे. आपण थकून जाल, अशी त्यांना काळजी वाटली."

"लागू का होत नाही? मी साठ वर्षे हिमजलात उभा राहून तप केले आहे."

"त्याविषयीच विचारायचे होते. त्या जलात आपल्याला कसे वाटत असे?"

प्रालेयमुनी कितीही संतापले तरी असत्य बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "फार बरे वाटत असे."

"बाहेर यावेसे वाटे का?"

"नाही. गुरुजी हाका मारीत, तेव्हा यावे लागे."

अरुण नम्रपणे म्हणाला, "मग तो जलविहार झाला, मुनिवर. त्यातून आनंद मिळाला, तो आपण साठ वर्षे घेतला. शाप देण्याइतके काही मागे उरलेले नाही. माझे म्हणाल, तर मी पहाटेपासून सायंकाळपर्यंत स्वामींना पाठीशी घेऊन बसतो. मला ऊन आवडते, असा आपला समज असेल तर तो चुकीचा आहे. आपल्याला स्वामींकडून काही हवेच असेल, तर त्यांना प्रसन्न करून घ्या. मार्ग आपल्याला ठाऊकच आहे." आणि तो दिसेनासा झाला.

मार्ग मुनींना ठाऊक होता. सूर्यदेवाला प्रसन्न करण्याचा मार्ग म्हणजे पंचाग्निसाधन: चार दिशांना चार अग्नी पेटवायचे, मस्तकावर सूर्य हा पाचवा अग्नी, आणि मध्ये आसन घालून जप करायचा. उन्हाळा टळावा म्हणून उन्हाळ्यातले सर्वांत उष्ण तप करायचे! परंतु प्रालेयमुनी हट्टाचे पक्के होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चार वेदिका रचल्या.

नलदेने सारे ऐकून घेतले. ती एवढेच म्हणाली, "आपण आसनावरून उठायचे नाही, मग अग्नींत समिधा कोण घालणार?"

"ते मी योजलेले नाही," मुनींनी कबूल केले.

"मी घालीन," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी मुनी एक घटिका बसले आणि त्यांना चक्कर आली. दुसऱ्या दिवशी दोन घटिका बसले. चौथ्या दिवसापर्यंत ते संपूर्ण मध्यान्ह आसनावर काढू लागले. डोळे लाल झाले, ओठांना भेगा पडल्या, पण जप खंडला नाही. सातव्या दिवशी जपाच्या मध्यात त्यांनी सहज डोळे उघडले. समोर पूर्वेच्या वेदिकेपाशी नलदा वाकून समिधा घालत होती. तेथून ती दक्षिणेकडे गेली, मग पश्चिमेकडे, मग उत्तरेकडे. मग यज्ञशाळेत जाऊन पित्याच्या अग्नीत तिने आहुती टाकली, आणि पुन्हा पूर्वेकडे आली. डोक्यावर ओला पदर होता, तो फेरी पुरी होण्याआधीच वाळत होता. तापलेल्या भूमीवर ती पाय भराभर उचलून ठेवत होती. मुनी एका जागी बसून जे सोसत होते, तेच ती सात दिवस फिरून फिरून सोसत होती.

नियम मोडून मुनी बोलले, "नलदे, तुला ऊन लागते?"

ती थांबली. कपाळावरचा घाम पुसून तिने त्यांच्याकडे पाहिले. "लागते की. लागत नाही, असे कोणी सांगितले?"

प्रालेय काही बोलू पाहत होते, तोच त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते आसनावरच कोसळले.

नलदेने त्यांना खांद्याला धरून पर्णकुटीत आणले. नदीच्या दरडीवर एक उंच, धारदार पात्यांचे गवत वाढे. ना त्याला फूल, ना सुगंध, गुरेही त्याला तोंड लावीत नसत. गेल्या पुराने दरड खचली होती आणि त्या गवताची दाट, केसांसारखी मुळे उघडी पडली होती. नलदेने ती मुळे ओढून काढली, बांबूच्या कामट्यांत गुंफून त्यांची एक ताटी केली, ती पश्चिमेच्या दारात उभी केली आणि तिच्यावर रांजणातले पाणी शिंपडले. बाहेरचा जळता वारा त्या ओल्या मुळांतून आत येताना किंचित निवला. परंतु ताटी बघता बघता वाळे, आणि नलदा पुन्हा पुन्हा पाणी शिंपडत राही.

मुनींनी डोळे उघडले तेव्हा दिवस कलला होता. कुटीच्या दारात ताटीपलीकडे एक तेजस्वी पुरुष उभा होता. कानांत कुंडले, वक्षावर कवच, हातात कमळ. आपले तेज त्याने दिव्याच्या वातीइतके आखडून घेतले होते, तरी ताटीच्या फटीफटीतून सोनेरी रेषा आत येत होत्या.

सूर्यदेव म्हणाले, "प्रालेया, ऊठ. इतरांची वर्षानुवर्षांची तपे मी पाहिली आहेत. परंतु ज्याला माझा सर्वांत अधिक त्रास होतो, त्याने माझ्यासाठी सात दिवस काढावेत, हे मी प्रथमच पाहिले. मी प्रसन्न आहे. वर माग. तुला काय हवे ते मला ठाऊक आहे. दोन मास मी या देशावरून तोंड फिरवावे, एवढेच ना? तू म्हणशील तर तसे होईल."

साध्य अगदी हाताशी आले होते. मुनींनी हात जोडले, बोलण्यासाठी तोंड उघडले आणि त्यांची दृष्टी नलदेकडे गेली. तिच्या तळहातांवर समिधांचे चरे होते, पावलांना फोड आले होते.

ते म्हणाले, "भगवन्, हे तप अर्धे हिचे आहे. हिला विचारल्याशिवाय मी वर मागणार नाही. नलदे, काय मागू?"

नलदा सहसा मोजके बोले, पण त्या वेळी ती बरेच बोलली. "स्वामी, हवे ते मागा, पण वैशाख नेऊ नका. वैशाखात आमचा आंबा पिकतो. बहावा फुलतो. समुद्राचे पाणी याच दिवसांत वर जाते, तेव्हा कुठे आषाढात मेघ येतात. मी लहानपणापासून हा ऋतू सोसत आले आहे आणि हा ऋतू मला आवडतोही. दोन्ही खरे आहे. बारा वर्षांनी मी आपल्याबरोबर हिमालयात येणार आहे. तेथे मला थंडी वाजेल. पौषातली पहाटसुद्धा मला सोसवत नाही, हे मी आपल्याला कधी सांगितले नाही. मग तेथे गेल्यावर मी हिमवंताला बर्फ काढून टाकायला सांगू का?"

हिमालयाची थंडी कुणाला नकोशी वाटू शकते, हे प्रालेयमुनींच्या मनात कधी आलेच नव्हते. त्यांना हसू आले. आधी ते एकटेच हसले, मग नलदाही हसली.

मग मुनी सूर्यदेवांना म्हणाले, "हे जगच्चक्षू, आपण आपल्या मार्गावरून ढळू नये. मात्र हे गवत माझ्या पत्नीच्या हाती लागले आहे, त्याच्यावर कृपा करावी. याची मुळे भिजवली की त्यांतून सुगंध यावा. आणि आपण जितके अधिक तापाल, आपला वारा जितका अधिक जळजळीत वाहील, तितका त्यांच्याआड बसलेल्याला अधिक गारवा मिळावा."

सूर्यदेव प्रसन्नपणे म्हणाले, "माझ्याच तापाकडून तू शीतलता निर्माण करून घेतलीस. इतका चतुर वर आजवर कुणी मागितला नव्हता. तथास्तु. जिने हे मूळ प्रथम गुंफले, तिच्या नावाने देव याला नलद म्हणतील. लोक मायेने वाळा म्हणतील."

ते शब्द उच्चारले जाताच दारातल्या ताटीतून, तापल्या मातीवर पाणी पडावे तसा आणि त्याहून गोड असा एक गंध दरवळला. वारा आत आला तो थंड होऊन. मुनींनी डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

यज्ञाग्नी बारा वर्षे अखंड तेवला. प्रालेयमुनी पहाटे उठू लागले, दुपारी ताटीआड निजू लागले आणि आंबिलीचे दोन वाडगे मागून घेऊ लागले. त्यांना उन्हाळा आवडू लागला, असे मात्र कुणी समजू नये. दर चैत्रात ते कुरकुर करीत आणि नलदा ती ऐकून घेई. पुढे हिमालयात गेल्यावर दर पौषात तिने कुरकुर केली. तेव्हा मुनींनी तिच्यासाठी कुटीत चार दिशांना चार अग्नी पेटवले, आणि त्यांत समिधा घालण्याचे काम स्वतःकडे घेतले.

सूर्याचा तो वर अजून अबाधित आहे. नदीकाठच्या त्या रूक्ष गवताची मुळे वैशाखात पाण्यात पडली की गंध सोडतात, आणि ऊन जितके प्रखर, तितकी वाळ्याच्या ताटीमागची हवा गार होते. ज्यांना थंडी प्रिय आहे आणि उन्हाळ्याच्या देशात दिवस काढायचे आहेत, त्यांनी ही कथा वैशाखातल्या दुपारी, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून, सावकाश ऐकावी. त्याने ऊन कमी होणार नाही. दुपार मात्र सरेल.