चाराची जागा

"हा चार कुठं लपवू, सर?"

नायकवडी सर बशीतला चहा फुंकत होते. ते फुंकतच राहिले.

विचारणारी मृणाल देसावळे. बुद्धिबळात जिल्ह्यात पहिली आलेली पोरगी, नाकावर माशी बसू द्यायची नाही. आणि सर म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेले. कऱ्हाडात सायकलच्या दुकानावर त्यांची खोली आहे, तिथं रविवारी दुपारी ते आम्हाला हा खेळ खेळवतात.

खेळ असा. फासे टाकायचे, तीन ते अठरामधले सहा आकडे मिळतात. ते सहा गुणांना वाटायचे. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि बोलण्यातलं वजन. त्यातून आपलं पात्र उभं राहतं. मग सर गोष्ट सांगतात आणि आपापली पात्रं घेऊन आम्ही तिच्यात शिरतो. कधी मरतोही.

मृणालची दोन पात्रं मेली होती. दुसरं विहिरीत गेलं. आमच्यातल्या शौकतच्या पात्रानं वरून दोर सोडला होता, हिनं धरला नाही. माझी मी चढते, म्हणाली. आता तिसरं मेलं की ही गोष्ट संपेपर्यंत टेबलाला बसायचं नाही, हा सरांचा नियम.

जिन्यात ती मला म्हणाली होती, "आठवडाभर मी या दुपारची वाट बघते. काही झालं तरी मला उठायचं नाहीये." डोळे भरले होते, पण दात आवळलेले.

आमच्या टेबलाची एक रीत आहे. सगळ्यात लहान आकडा आधी लिहायचा, तोही पेनानं. बाकीचे मग पेन्सिलीनं. मृणालनं नेमकं उलटं केलं. मोठे आकडे आधी मांडले, खोडले, पुन्हा मांडले. कागद खोडून खोडून पातळ झाला आणि चार तसाच हातात उरला.

"ताकदीला दिला तर चढता येणार नाही," ती म्हणाली. "बुद्धीला दिला तर कुणीही फसवेल. शहाणपणाला दिला तर..."

"शहाणपणाला नको," शौकत म्हणाला. "तिथं आधीच..."

सरांनी त्याच्याकडं बघितलं. मृणाल कागदावरच वाकली होती.

"सर, मोठ्या आकड्यांतलं थोडं थोडं काढून या चाराला दिलं तर? सगळे सारखे होतील. मग कुठूनच मार बसणार नाही."

मला रागच आला. आम्ही काय खुळे म्हणून पडके आकडे घेऊन बसलो होतो?

"आज चालेल," सर म्हणाले. "कर."

तिनं केले. सहाच्या सहा सारखे. मान ताठ करून कागद पुढं सरकवला.

सरांनी तो वाचला. बशी खाली ठेवली.

"चला रे, उठा. सज्जात जाऊन उभे राहा. हिला कुणी लागत नाही."

आम्ही उठलो. दार उघडंच होतं, आतलं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

"भुयाराचं दार आहे. जड आहे," सर म्हणाले.

फासे खडखडले. दार उघडलं.

"पुढं खंदक."

तिनं तोही ओलांडला. पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवलं, कुलूप काढलं, शेवटच्या खोलीतला दिवा उचलून बाहेर आणला. चहा निवायच्या आत सगळं झालं.

"मेली नाहीस," सर म्हणाले.

"नाही."

"जिंकलीस."

"हो..."

"आता?"

मृणालनं डाव्या बाजूला बघितलं. मग उजव्या. रिकाम्या खुर्च्या होत्या.

खाली दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

"पुढं काय होतं, सर?"

"काही नाही. संपली."

तिनं तो कागद दुमडून बाजूला ठेवला. कोरा कागद ओढला. सरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि सगळ्यांत आधी ताकदीसमोर चार लिहिला. ठसठशीत.

"आता मी विहिरीत पडले," ती हळू आवाजात म्हणाली, "तर मला वर कोण ओढणार?"

सरांनी दाराकडं तोंड केलं.

"या रे आत. जागा झाली."